होडीचा रंग

कोल्हापूर आणि आरमार हे दोन शब्द एकत्र उच्चारले तर पुष्कळांना आश्चर्य वाटतें. समुद्रसपाटीपासून सुमारें ५५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेलें हें शहर. येथें कुस्ती, गूळ, चित्रकला आणि चामड्याच्या वहाणा ह्यांच्या गोष्टी निघतात, होड्यांच्या निघत नाहींत. तथापि करवीरच्या छत्रपतींचें निशाण एके काळीं मालवणच्या पाण्यावर फडकत होतें. सिंधुदुर्ग त्यांच्या ताब्यांत होता, आणि त्यांच्या गलबतांचा इंग्रज व्यापाऱ्यांनीं इतका धसका घेतला होता कीं, १७६५ सालीं त्यांनीं तो किल्ला जिंकून त्यास फोर्ट ऑगस्टस असें नांवहि देऊन टाकलें. पुढच्याच वर्षीं किल्ला छत्रपतींना परत मिळाला. १८१२ च्या तहानें मात्र मालवण कायमचें गेलें आणि कोल्हापूरचा समुद्राशीं असलेला राजकीय संबंध तुटला. त्यानंतर ह्या राज्याच्या होड्या उरल्या त्या नद्यांवरच्या.

त्या आरमाराच्या लढाया इतिहासकारांनीं सांगितल्या आहेत. मला आज आपलें लक्ष एका फार साध्या बाजूकडे वेधावयाचें आहे. होड्यांच्या अंगाला काय चोपडीत असत, आणि तें चोपडणें बदलत बदलत आजच्या एनॅमलच्या डब्यापर्यंत कसें आलें, हा माझा विषय. हल्लीं रंगाच्या दुकानांत ह्या डब्याच्या जोडीला हार्डनर नांवाची एक लहानशी बाटली मिळते. रंगांत ती ठराविक प्रमाणांत मिसळली कीं लेप अधिक टणक, अधिक चकचकीत आणि अधिक टिकाऊ होतो. घरीं आपली होडी रंगविणाऱ्या माणसास ती बाटली म्हणजे परक्या प्रयोगशाळेंतून आलेली कालपरवाची जादू वाटते. पण तिच्या कुळाची एक शाखा शोधीत गेलें तर ती आपल्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, आजरा-चंदगडच्या बाजूस, येऊन पोंचते. तें कसें, हें सांगण्यापूर्वीं थोडें मागें गेलें पाहिजे.

नौकेस रंग कोणता द्यावा ह्याविषयीं आपल्याकडे लेखी नियम सांपडतो तो धारच्या भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ह्या संस्कृत ग्रंथांत. चार डोलकाठ्यांच्या नौकेस पांढरा रंग, तीन डोलकाठ्यांच्या नौकेस तांबडा, दोन असतील तर पिवळा आणि एकच असेल तर निळा, अशी त्यांत वांटणी केलेली आहे. म्हणजे शास्त्राप्रमाणें लहान होडीच्या वाट्याला निळा रंग येतो! हा रंग मानाचा. लांकडाच्या रक्षणाशीं त्याचा संबंध दिसत नाहीं. त्याच ग्रंथांत समुद्रावर जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत, नाहीं तर पाण्यांतील लोहचुंबक तिला ओढून घेईल, अशी ताकीद आहे. लोहचुंबकाची भीति काल्पनिक खरी. पण खाऱ्या पाण्यांत खिळा गंजतो आणि आपल्याभोंवतालचें लांकूडहि नासवतो, हें खोटें नाहीं. काथ्याच्या दोरीनें फळ्या शिवून केलेल्या नौका अरबी समुद्रावर शतकानुशतकें चालत होत्या.

लांकूड हाच खरा प्रश्न. रामचंद्रपंत अमात्य, ज्यांच्या घराण्याची गगनबावड्याची जहागीर पुढें कोल्हापूर राज्यांत चालली, त्यांच्या नांवावर असलेलें आज्ञापत्र १७१५ च्या सुमारास लिहिलें गेलें. त्यांत आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आरमारासाठीं झाडें तोडावयाचीं तर सागवान वगैरे परवानगीनें तोडावें, परंतु रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावूं नये. तीं झाडें लोकांनीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, असा त्याचा आशय आहे. दयाबुद्धि त्यांत आहेच. पण मला त्यांत जाणकारीहि दिसते. सागाच्या अंगांत स्वतःचें तेल असतें. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याच्या कारागिरांनीं सागाची बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ सालीं पाण्यांत उतरली, ती आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर उभी आहे. आंब्याची होडी मात्र स्वस्त आणि अल्पायुषी. तिला बाहेरून तेल पाजावें लागतें, आणि तेंहि वरचेवर.

खाऱ्या पाण्यांत लांकडाचे दोन वैरी असतात. एक, फळीच्या आंत शिरून तिची चाळण करणारा किडा. दुसरे, तळाला चिकटून बसणारे कवचधारी जीव, ज्यांच्यामुळें होडी जड होते. ह्यांच्यावर पश्चिम किनाऱ्यानें जो उपाय शोधला तो भाजलेल्या शिंपल्यांच्या किंवा दगडाच्या चुन्याचा. चुना तेलांत अगर चरबींत मळून तळाला जाड लेप द्यावयाचा, आणि तो झडला कीं पुन्हां द्यावयाचा. फळ्यांच्या सांध्यांत राळ आणि तेल लावलेला कापूस दाबून बसवीत. पाण्याच्या वरच्या अंगाला माशांचें तेल चोळीत. त्याचा वास ज्यांनीं एकदां घेतला आहे त्यांना तो विसरतां येत नाहीं! पावसाळ्यांत गलबतें किनाऱ्यावर ओढून, झांपांनीं शाकारून ठेवीत, आणि पुन्हां पाण्यांत ढकलण्यापूर्वीं हा सर्व शृंगार नव्यानें होई. एकदां रंगविलें आणि पांच वर्षें विसरलें, असा प्रकार नव्हता. वर्षांतून एकदां प्रत्येक सांध्यावरून माणसाचा हात फिरे, आणि मऊ पडलेली फळी त्या हाताला कळे. माझ्या मतें जुन्या पद्धतीचें निम्मे सामर्थ्य तेलांत आणि निम्मे ह्या फिरणाऱ्या हातांत होतें.

येथें तेलाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुढचा सर्व इतिहास त्यांवर उभा आहे. तेल 'वाळतें' असें आपण म्हणतों, परंतु पाणी वाळतें तसें तें उडून जात नाहीं. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु शोषून घेतें, आणि त्याचे कण एकमेकांस जखडले जाऊन त्याची चिवट साय बनते. कित्येक माशांचीं तेलेंहि अशींच वाळतात. शेंगदाण्याच्या तेलाला हा गुण नाहीं. कोल्हापूरच्या घाण्यांतून तें कितीहि निघालें तरी फळीवर चोळलेलें तें तेल महिनेन् महिने चिकटच राहील आणि धूळ मात्र गोळा करील. सुतारमेस्त्री रोगणासाठीं जवस कां मागतो, ह्याचें उत्तर हें आहे. जाणारा प्रत्येक दिवस त्या सायीला अधिक घट्ट करतो, आणि अखेर इतकी घट्ट करतो कीं ती तडकते. रंग जुना होणें म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून वाळण्याची क्रिया न थांबणें होय.

जवसाच्या तेलांत शेंदूर खलला म्हणजे जो तांबडा रंग होतो तो जगभर जहाजांच्या लांकडाला आणि लोखंडाला पहिला हात म्हणून देत आले. शेंदूर हें शिशाचें भस्म. आपल्याकडे मारुतीच्या मूर्तीला तेल-शेंदूर चढतो, थरावर थर बसतात, आणि कित्येक वर्षांनीं ती खोळ गळून आंतली मूळ मूर्ति उघडी पडते, हें सर्वांना ठाऊक आहे. रंगशास्त्राच्या दृष्टीनें तो तेलरंगाचाच थर आहे. शिशामुळें तेल लवकर वाळतें, लोखंडाचा गंज आवरतो. पण शिसें हें विषहि आहे आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याची विशेष बाधा होते. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षां अधिक असूं नये, असे नियम भारत सरकारनें २०१६ सालीं केले आणि ते पुढच्या वर्षीं अमलांत आले. म्हणजे त्याआधीं रंगविलेल्या एकाद्या जुन्या होडीच्या पोटांत काय काय दडलें असेल ह्याचा नेम नाहीं. शेंदूर खरवडून आंतला देव पाहण्याची आपल्याकडे म्हण झाली आहे; होडीचा शेंदूर खरवडतांना मात्र तो कोरडा खरवडूं नये. पाण्याचा कागद वापरावा, निघालेला गाळ गोळा करावा, तो नदींत सोडूं नये, आणि त्या वेळीं अंगणांत मुलें नसावींत.

समुद्र सुटल्यावर कोल्हापूरकरांच्या हातीं राहिली ती पंचगंगा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती ह्यांचा हा प्रवाह नरसोबाच्या वाडीला कृष्णेस मिळतो. पूल होण्यापूर्वीं ह्या नद्यांवर सर्वत्र तर चाले, आणि नावाड्यांचीं घराणीं त्यावर जगत. कोल्हापूरजवळचा दगडी पूल १८७० नंतरच्या दशकांत उभा राहिला आणि तरीचें महत्त्व ओसरूं लागलें. नावेशिवाय पाणी ओलांडण्याचीं साधनेंहि लोकांजवळ होतीं. भोपळ्यांची सांगड होती. कृष्णेच्या खालच्या अंगास, कानडी मुलखांत, वेतावर कातडें ताणलेला वाटोळा हरिगोल होता. आणि आपल्या गुऱ्हाळांतील गुळाची काहील तर वेळप्रसंगीं होडी होत आलेली आहे. काहिलीला रंग लागत नाहीं, एवढाच तिचा गुण. बाकी तींत बसून पूर ओलांडणें हें धाडस आहे.

गोड्या पाण्यांत लांकूड पोखरणारा तो समुद्री किडा नाहीं. तेथें वैरी वेगळा. अर्धें वर्ष ओल, अर्धें वर्ष ऊन. फळी फुगते आणि आक्रसते, सांधा उघडतो, त्यांत पाणी मुरतें आणि बुरशी आंतून लांकूड खाते. नदीच्या होडीला म्हणून चुन्यापेक्षां तेल आणि डांबर अधिक उपयोगी पडलें. डांबर स्वस्त, पण काळें आणि उन्हांत पाझरणारें. आपली होडी देखणी असावी असें ज्याला वाटे त्याला दुसरें कांहीं हवें होतें, आणि तें एनॅमलनें दिलें.

एनॅमल हा शब्द मूळचा धातूवर भाजून चढविलेल्या कांचेचा, ज्याला आपण मीना म्हणतों. तसली तकाकी ब्रशानें लावण्याच्या रंगांत आणावी, ह्या खटपटींतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत तयार एनॅमल रंगांचे डबे विकावयास आले. त्यांत शिजविलेलें तेल आणि राळ असे. राळेची लहर झाडागणिक बदले. म्हणून रसायनशास्त्रज्ञ कृत्रिम राळेच्या मागें लागले, आणि १९२७ सालीं अमेरिकेंत रॉय कीनले ह्यानें अल्कोहोल व आम्ल ह्यांच्या संयोगानें होणाऱ्या, तेलानें मऊ केलेल्या राळेस 'अल्किड' हें नांव दिलें. आज दुकानांत सिंथेटिक एनॅमल म्हणून जें मिळतें तें बहुधा हेंच. मुंबईंत लोअर परळला १९२० सालीं रंगाचा कारखाना निघाला, जो पुढें नेरोलॅक झाला. १९४२ सालीं, युद्धामुळें परदेशी रंग येईनासा झाला असतां, चार तरुण मित्रांनीं एशियन पेंट्सची स्थापना केली. कोल्हापुरांत एनॅमलला होडीपेक्षां दुकानांच्या पाट्या आणि मालमोटारींच्या अंगावर अधिक वाव मिळाला. बाबूराव पेंटरांच्या ह्या गांवांत ब्रश धरणाऱ्या हाताची उणीव कधींच नव्हती.

परंतु अल्किड हें शेवटीं तेलाचेंच अपत्य. तेंहि हवेंतून प्राणवायु घेऊन सावकाश वाळतें, आणि सतत पाण्याखालीं ठेवलें तर फोड येऊन सुटतें. हार्डनरचा जन्म ह्या उणिवेंतून झाला. १९३७ सालीं जर्मनींत लेव्हरकुसेन येथें ऑटो बायर ह्यानें आयसोसायनेट नांवाच्या पदार्थांपासून पॉलियुरेथेन बनविलें. साधारण त्याच काळांत स्वित्झर्लंडांतील पिएर कास्तान ह्यानें दांतांच्या उपयोगासाठीं संशोधन करतां करतां एपॉक्सी राळ घट्ट करण्याची रीत शोधली. दोहोंतील तत्त्व एकच. हवेची वाट पाहावयाची नाहीं. दोन द्रव्यें एकत्र आलीं कीं त्यांनीं एकमेकांस जखडावयाचें. एनॅमलबरोबरच्या बाटलींत बहुधा आयसोसायनेटच्या जातीचा हार्डनर असतो, आणि एपॉक्सीचा हार्डनर अमाइन जातीचा असतो.

आतां काजूकडे येतों. कोंकण-गोव्याकडे होड्यांना आणि जाळ्यांना काजूच्या टरफलांचें तेल चोपडण्याची वहिवाट जुनी आहे. पोर्तुगीजांनीं काजू आणला, आणि किनाऱ्यावरच्या लोकांनीं त्याच्या गरापेक्षां टरफलांतील ह्या काळ्या, चामडी जाळणाऱ्या तेलाचा गुण ओळखला. आंबा, काजू, बिब्बा आणि ज्याच्या चिकापासून जपानी लोक आपलें प्रसिद्ध लाखेसारखें रोगण करतात तें झाड, हीं सर्व एकाच कुळांतलीं. बिब्ब्याची परटाची खूण कापड फाटेपर्यंत जात नाहीं हें आपण पाहिलें आहे. ह्या रसांतील द्रव्य हवेंत घट्ट होऊन पाण्याला दाद देत नाहीं. आधुनिक रसायनशास्त्रानें काजूच्या तेलापासून कार्डनॉल काढलें आणि त्यापासून फेनाल्कमाइन नांवाचे एपॉक्सीचे हार्डनर बनविले. दमट आणि थंड हवेंतहि ते काम करतात, म्हणून मोठमोठ्या जहाजांच्या रंगांत त्यांना मान आहे. आजरा-चंदगडच्या काजू कारखान्यांतील टरफलें म्हणजे ह्या व्यवसायाचा कच्चा माल होय. मालवणच्या कोळ्याचा हात आणि गोदींतला रसायनतज्ज्ञ एकाच टरफलापाशीं येऊन भेटतात, ह्यांत मला मोठें नवल वाटतें. त्याचबरोबर त्या टरफलानें सोललेले काजू फोडणाऱ्या बायकांचे हातहि डोळ्यांपुढून हलत नाहींत.

आयसोसायनेट हा शब्द मात्र आपण भारतीयांनीं दुसऱ्याच संदर्भांत ऐकला. १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळमध्यें हजारों माणसें ज्या वायूनें मारलीं तो मिथाइल आयसोसायनेट. रंगाच्या बाटलींतील पदार्थ तो नव्हे. तो जड असतो आणि सहसा वाफ होऊन उडत नाहीं. पण घराणें तेंच. फवाऱ्यानें मारला तर त्याचे तुषार फुप्फुसांत जातात आणि कांहीं माणसांना त्यामुळें कायमचा दमा जडतो. एकदां जडला कीं पुढें त्या रंगाच्या अत्यल्प अंशानेंहि तो उठतो. तोंडाला पंचा बांधून त्याचें निवारण होत नाहीं. म्हणून घरीं काम करणाऱ्यानें फवारा वर्ज्य करावा, ब्रशच घ्यावा, उघड्यावर बसावें, हातमोजे घालावेत, आणि माजघरांत किंवा बंद पडवींत हा उद्योग मांडूं नये. डब्यावरील प्रमाण अक्षरशः पाळावें. थोडा जास्त घातला म्हणजे जास्त पक्कें होईल, हा तर्क म्हणजे आपल्याच कामांत बिब्बा घालणें. मिसळलेला रंग कांहीं तासांतच डब्यांत आळतो, तेव्हां लागेल तेवढाच कालवावा.

आणखी एक गोष्ट डब्यावर सहसा ठळकपणें सांगितलेली नसते. आयसोसायनेटची पाण्याशीं गांठ पडली कीं कार्बन डायऑक्साइड सुटतो. दमट हवेंत किंवा ओल्या फळीवर लावलेल्या लेपांत म्हणून बारीक फुगे येतात आणि तकाकी मरते. कोल्हापुरांत मृगापासून दसऱ्यापर्यंत हें काम काढणें व्यर्थ. होडी दिवाळीनंतर उपडी करून, खालून वारा खेळेल अशी ठोकळ्यांवर ठेवावी आणि माघ-फाल्गुनांत, सकाळचें दंव उडाल्यावर, ब्रश हातीं घ्यावा.

पण त्याहिपूर्वीं होडी कोणत्या जातीची आहे हें पाहिलें पाहिजे. फायबरची, लोखंडी किंवा प्लायवूड चिकटवून केलेली असेल तर तिचें अंग फारसें हलत नाहीं. तिला हार्डनरचा टणक लेप शोभतो आणि टिकतो. सुट्या फळ्यांची जुनी होडी मात्र श्वास घेते. तिच्या फळ्या ऋतूबरोबर फुगतात, आक्रसतात. त्यांवर कांचेसारखें कवच चढविलें तर तें प्रत्येक सांध्यावर तडकतें, त्या तडींतून पाणी आंत जातें आणि कवचामुळें बाहेर येत नाहीं. अशी होडी वरून चकाकते आणि आंतून कुजते. तिला साधें एनॅमल, मऊ लांबी आणि वर्षाला एक हात, हीच जुनी रीत योग्य. टिकाऊपणाच्या हांवेनें हार्डनर घालणारा मनुष्य तिचें आयुष्य कमी करतो.

हा विचार आतां केवळ हौसेचा राहिलेला नाहीं. २००५, २०१९ आणि २०२१ ह्या वर्षींच्या महापुरांनीं कोल्हापूर-सांगलीच्या नदीकांठाला होडीची पुन्हां आठवण करून दिली. राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानतात. २०१९ च्या ऑगस्टांत ती ५५ फुटांच्या वर गेली. त्याच दिवसांत सांगली जिल्ह्यांतील ब्रह्मनाळ येथें माणसांनीं खचाखच भरलेली होडी उलटून अनेकांचे प्राण गेले. तो दोष रंगाचा नव्हता. पण वर्षभर एका कोपऱ्यांत पडून राहिलेली आणि एका रात्रींत शंभर माणसांना लागणारी वस्तु म्हणजे आजची खेड्यांतली होडी होय, आणि तिच्यावरून वर्षांतून एकदां हात फिरविणारीं नावाड्यांचीं घरें आतां थोडीं उरलीं आहेत. रंग देण्याच्या निमित्तानें तरी तो हात फिरतो. खरवडतांना मऊ लागलेली फळी, हलणारा खिळा, उघडा पडलेला सांधा हीं सर्व त्याच वेळीं दिसतात. चकचकीत लेपाखालीं एकदां गेलीं म्हणजे पुरांतच कळतात.

फळ्यांच्या होडीचा रंग वाळल्यावर ती लगेच माणसांनीं भरूं नये. वैशाखांत, पाऊस लागण्यापूर्वीं, तिला उथळ पाण्यांत उतरवून दोरीनें बांधून ठेवावें. पहिल्या रात्रीं ती पाणी घेते. ह्या वेळीं घाबरून पुन्हां डबा आणि बाटली काढण्याची घाई होते; ती करूं नये. वाळून आक्रसलेल्या फळ्या फुगावयास दोन-तीन दिवस लागतात, सांधे आपोआप आवळतात, आणि मग उपसून काढलेलें पाणी बहुतेक परत येत नाहीं. त्यानंतरहि जेथें झिरपत राहील तेवढीच जागा कोळशानें खूण करून ठेवावी.